मिरचीची फुलं आणि कौसाबाईंचा गाल

दिवाळी आठवड्यावर आली की राजूरच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी पांढऱ्या जाळीची शेडनेट डोळ्यांत भरायला लागतात. खरं तर ती वर्षभर तिथंच असतात. पण बाकीच्या महिन्यांत मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा फोनवर तरी असते, नाहीतर डुलक्या तरी घेत असते. या दिवसांत मात्र गाडीची काच आपोआप खाली होते. वास म्हणाल तर काही नाही. मिरचीच्या फुलाला सांगण्यासारखा वास नसतोच. ऐकू येतं ते बायकांचं बोलणं. जाळीच्या आड चाळीसेक बायका वाकून काम करत असतात, त्यांचे चेहरे दिसत नाहीत, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटतं की झाडंच आपापसांत भांडतायत. यंदाही काच खाली केली, ते भांडण कानावर आलं, आणि मला इतकं बरं वाटलं की ड्रायव्हरला म्हटलं, जरा हळू घ्या.

हे दिवस क्रॉसिंगचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संकरित मिरचीच्या बियांचं पाकीट आपण दुकानातून सहज घेऊन येतो, पण ती बी आपोआप तयार होत नाही. मादी झाडाची कळी उमलायच्या आधी एक बाई बारीक चिमट्यानं तिच्यातले नर भाग अलगद काढून टाकते. मग दुसऱ्या वाणाच्या झाडाचे पराग त्या फुलाला लावते, आणि हे फूल झालं याची खूण म्हणून देठाला रंगीत दोरा बांधते. असं एकेक फूल, सकाळपासून, ओळीच्या ओळी. नेटच्या आतला उजेड दुधात पाणी मिसळल्यासारखा असतो; कडक ऊनही तिथं मवाळ होऊन येतं. एकदा हौसेनं मीही चिमटा हातात घेतला होता. सात कळ्या मोडल्या, आठवी जमली, आणि त्या आनंदात मिरचीचा हात डोळ्याला लावून मी रडत बाहेर आले. बायका पुढं आठवडाभर त्यावर हसत होत्या.

आमचं घर मूळचं राजस्थानातलं. कोणत्या आजोबांच्या आजोबांनी जालन्यात पहिलं दुकान मांडलं यावर घरात अजून एकमत नाही, आणि व्हावं असं कोणाला वाटतही नाही, कारण मग लग्नाकार्यात बोलायला विषय उरणार नाही. बाबूजींचं बियाण्यांचं दुकान. मी त्यांची एकुलती एक मुलगी, दुकानात न बसता विद्यापीठात जाऊन बसले. तिथं मी कॅन्सरच्या पेशींवर काम करते. तोंडाच्या कॅन्सरवर. गालाच्या आत कधी कधी एक पांढरा चट्टा येतो. दुखत नाही, खुपत नाही. असे चट्टे पुष्कळांना येतात आणि बहुतेकांचे तसेच पडून राहतात. थोड्यांचे मात्र पुढे कॅन्सर होतात. कोणाचा होणार हे नुसत्या डोळ्यांनी बघून नेहमी सांगता येत नाही. पण आतल्या पेशी तोवर बिघडायला लागलेल्या असतात. तर गालावरून मऊ ब्रश फिरवून थोड्या पेशी घ्यायच्या आणि त्यांच्यावरून धोका आधीच ओळखायचा, असं हे काम. सांगायला चार वाक्यं लागली, करायला बारा वर्षं लागलीत, आणि अजून ते पूर्ण झालेलं नाही.

बाबूजींना ही वर्षं फार खुपायची. जेवताना ते मारवाडीत विचारायचे, मी इथं मराठीत सांगते, "बेटा, तुझ्या त्या पेशींमुळं एक तरी माणूस बरा होऊन घरी गेला का?" मी त्यांना समजावून सांगायचे की मूलभूत संशोधनाला वेळ लागतो, आधी कळायला हवं, मग चाचणी तयार होते, मग ती तपासली जाते, मग कुठं ती दवाखान्यात पोचते. ते शांतपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "बराबर. म्हणजे नाही गेला." असा बाप घरात असला की विद्यापीठातल्या कुठल्याही परीक्षक समितीची भीती वाटत नाही.

नेटची वाट मात्र मला त्यांनीच दाखवली. मला गावाकडच्या, रोज काबाडकष्ट करणाऱ्या बायकांचे नमुने हवे होते, आणि घरोघर फिरून काही जमत नव्हतं. बाबूजी म्हणाले, "चाळीस बायका एका जागी बसलेल्या हव्यात ना? मग क्रॉसिंगच्या नेटमध्ये जा. तिथून त्या हलतही नाहीत." राजूरच्या अलीकडं भगवानराव म्हणून त्यांचे जुने गिऱ्हाईक शेतकरी आहेत. त्यांच्या नेटमध्ये नवरात्र संपता संपता मी ब्रश, बर्फाचा डबा आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा घेऊन पोचले. ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट.

कौसाबाई तिथंच पहिल्यांदा भेटल्या. पंचेचाळिशीच्या, उंच, साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवलेल्या. नवरा ट्रकवर, आठवड्यातून एकदा शहागडहून फोन करायचा की आता पूल ओलांडला, भाकरी टाक. सगळ्या बायकांच्या त्या मुकादमीण. कुठली ओळ कोणी घ्यायची, कळी आज उघडायची की उद्या, हे त्या ठरवायच्या. मी फॉर्म वाचून दाखवला. आपली मराठी चांगली आहे अशी माझी समजूत होती. नमुन्यावर नाव नसेल, फक्त नंबर असेल. नावांची यादी बंद पाकिटात विद्यापीठाच्या नीतिसमितीकडं राहील. ही चाचणी अजून संशोधनाच्या पातळीवर असल्यानं कोणालाही वैयक्तिक निकाल कळवला जाणार नाही.

"म्हंजे काही निघालं तरी सांगनार न्हाई?" कौसाबाईंनी विचारलं.

"नाही सांगता येत."

"मंग आमाला काय फायदा?"

"तुम्हाला लगेच नाही. पण पुढं इतर बायकांना होईल."

त्यांनी हातातलं फूल पूर्ण केलं, दोरा बांधला आणि म्हणाल्या, "ह्या बियावानीच हाये म्हना की. मेहनत आमची इथं, अन् मिरची लागनार दुसऱ्याच्या वावरात. घ्या मंग, काय घ्यायचं ते." माझ्या पाच पानी फॉर्मचा अर्थ त्यांनी इतक्या थोडक्यात सांगितला की मी तो गठ्ठा पिशवीत परत ठेवला.

पहिल्या दिवशी फक्त माहिती घेतली. तंबाखू खाता का, या प्रश्नाला चाळीसच्या चाळीस जणींनी "न्हाई, बिलकुल न्हाई" असं उत्तर दिलं, आणि मी आनंदानं चाळीस रकाने भरले. निघताना बजावलं, "उद्या नमुने घ्यायचेत, तोंड स्वच्छ करून या." दुसऱ्या दिवशी सगळ्या ओळीनं बसल्या, पहिलीनं आ केला आणि मला आत सगळं काळं दिसलं. दुसरीचंही तसंच. तिसरीचंही. हिरड्या, दात, गाल, सगळीकडं काळी चकाकी. डॉक्टरीणबाई तोंड बघणार म्हणून प्रत्येकीनं पहाटे उठून मनापासून, दोन-दोन वेळा, मिसरी घासली होती.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईतोवर भाजलेली तंबाखूच, कुटून केलेली पूड. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या प्रत्येक मावशीच्या पदराच्या गाठीला मी लहानपणापासून तिचा वास घेतलाय. तरीही फॉर्म बनवताना मला ती आठवली नाही. मी विचारलं होतं तंबाखूबद्दल, आणि त्यांच्या लेखी तंबाखू पुरुष खातात. मिसरी तर दात घासायची. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. प्रश्नच शहरात बसून लिहिलेला होता, आणि लिहिणारी जालन्यात वाढलेली होती. मला त्या दिवशी स्वतःचा फार राग आला आणि त्याहून जास्त हसू आलं. चाळीस रकाने खोडून परत भरले. नमुने चार दिवसांनी घेतले, तोवर कोणी मिसरी लावायची नाही या बोलीवर. त्या चार दिवसांत नेटमध्ये इतकी चिडचिड झाली की भगवानरावांनी मला फोन करून विचारलं, "ताई, अजून किती दिवस हाये तुमचं हे?"

नमुने घेताना आणखी एक गोष्ट झाली. नेटमध्ये प्रत्येक बाईचा दोऱ्याचा रंग ठरलेला असतो, म्हणजे कोणाच्या हातचं फूल धरलं आणि कोणाचं गळालं ते कळतं. मी एकेकीची बाटली नंबर लावून रॅकमध्ये ठेवत होते. मागं वळून पाहिलं तर बाटल्यांच्या मानांना रंगीत दोरे. निळा, पोपटी, केशरी. एका बाईनं बांधला म्हणून सगळ्यांनी बांधला. "तुमचे नंबर पुसले तं? दोरा जात न्हाई कुठं," कौसाबाई म्हणाल्या. त्यांचा दोरा राणी रंगाचा. नियमाप्रमाणं मी ते सगळे दोरे तिथंच कापून टाकायला हवे होते. मला ते फार सुंदर दिसले म्हणून मी तसेच राहू दिले. इतकं साधं कारण आहे, आणि समितीला नंतर लेखी देतानाही मी हेच लिहिलं.

दिवाळीच्या आधी निकाल आले. आकड्यांच्या लांबलचक यादीत एक आकडा आम्ही आखलेल्या धोक्याच्या रेघेच्या बराच वर होता. एरवी असा आकडा दिसला की आम्हाला आनंद होतो, चाचणी चालते आहे याचा. त्या दिवशीही झाला, खोटं कशाला बोलू. मग मी तो नमुना परत तपासायला फ्रीज उघडला, बाटली हातात घेतली, आणि तिच्या मानेला राणी रंगाचा दोरा होता.

पुढचे तीन दिवस मी काहीही केलं नाही. निकाल सांगायचा नाही हा नियम मीच लिहिला होता आणि त्याची कारणंही बरोबर होती. कच्च्या चाचणीवरून एखाद्या बाईला कॅन्सर म्हणायचं, ती घाबरून अर्धी व्हायची, आणि पुढं काहीच निघायचं नाही, असं होऊ नये म्हणून तो नियम. पण घरी दिवाळीचं करंजीचं सारण ढवळताना मला फक्त त्यांचा गाल दिसायचा. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती. तोवरच्या आठ वर्षांत मी हजारो पेशी पाहिल्या, त्यांतली एकही मला कधी भाकरी टाकताना, ओळी वाटताना, नवऱ्याच्या शर्टाच्या बाह्या दुमडताना दिसली नव्हती.

चौथ्या दिवशी मी डॉ. शेख यांच्याकडं गेले. त्या तोंडाच्या सर्जन, आणि आमच्या समितीच्या सभासदही. मी नाव न घेता, रंग न सांगता, गोल गोल फिरून विचारलं की अशा परिस्थितीत नियम काय म्हणतो. त्यांनी चहा मागवला. "मॅडम, तुमची टेस्ट तुमच्याजवळ ठेवा," त्या म्हणाल्या. "पण तोंड तर बघू शकतो ना आपण? चाळीस बायका तोंड उघडून बसलेल्या, आणि तुम्ही इतके दिवस डॉक्टर न घेता गेलात तिथं? टॉर्च लावून बघायला कोणाची परमिशन लागते?" इतकी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या माणसांना सुचली नव्हती, याचं आश्चर्य करायला त्या वेळी सवड नव्हती.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी डॉ. शेख नेटमध्ये हजर. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताला मोजा, पाठीवर ओढणी बांधलेली. क्रॉसिंग अगदी ऐन भरात होतं. त्यांनी बायकांना ओळीतून उठवलंसुद्धा नाही; त्याच झाडांमधून वाकून चालत गेल्या, एकेकीला आ करायला लावत, बोटानं गाल चाचपत, आणि प्रत्येकीकडं तिच्या लेकराबाळांची चौकशी करत. दोन तासांत चाळीस तोंडं झाली. तिघींच्या गालात चट्टे होते. दोघींचे मोठे, खडबडीत. कौसाबाईंचा सगळ्यांत लहान, गव्हाच्या दाण्याएवढा, गुळगुळीत. "ह्या दोघींचा तुकडा काढून तपासू," डॉ. शेख मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "कौसाबाईंचं ठीक वाटतंय. मिसरी बंद करू दे, तीन महिन्यांनी परत बघू."

मी नियम मोडला तो या क्षणी. फक्त दोन शब्दांनी. "आत्ताच बघा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. टॉर्च बंद केली आणि बायकांकडं वळून म्हणाल्या, "तिघींचंही करू. या आठवड्यात."

बाकीच्या दोघी तयार झाल्या. कौसाबाई नाही झाल्या. "क्रॉसिंग सरू द्या, मंग येते."

"अहो, तोवर महिना जाईल," मी म्हटलं.

"जाऊ द्या ना. मला कुठं दुखून राह्यलं? ही कळी आज न्हाई उघडली तं उद्या वाया. ती काय माझ्या दवाखान्यासाठी थांबनार हाये का?"

त्यांचं चूक नव्हतं. हंगामाचे मोजके दिवस, त्यांत एका हाताचा खाडा म्हणजे त्या बाईच्या ओळी गेल्या, आणि मुकादमीणच गेली तर बाकीच्यांचाही ताळमेळ गेला. मी हात जोडले, रागावले, शेवटी माझा आवाज चिरकला. त्या फुलं करत राहिल्या. भगवानराव बांधावर उभे राहून हे सगळं ऐकत होते. ते आत आले, कौसाबाईंच्या हातातला चिमटा घेतला आणि म्हणाले, "आण इकडं. मी करतो तुझ्या ओळी." आणि खरोखरच बसले. त्यांची बोटं नांगर धरणाऱ्याची. पहिली कळी मोडली, दुसरी मोडली, तिसरीची फांदीच हातात आली. कौसाबाईंना ते बघवेना. "सोडा, सोडा मालक! रोप काहून मारता?"

नेटभर हशा पिकला, आणि त्या हशात एकजण म्हणाली, "जा ना कौसा. तुझ्या ओळी आमी वाटून घेतो. तू काय आमाला शिकवलं न्हाई का?" दुसरी म्हणाली, "राणी दोराच बांधतो, म्हंजे तुझ्याच नावावर लागंल." मग कौसाबाईंनी कमरेची दोऱ्याची गुंडी सोडून तिच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "उद्या जल्दी निघू. दुपारून वापस यायचं."

तुकड्यांचा निकाल आला. मोठ्या, खडबडीत चट्ट्यांत काही नव्हतं. त्या दोघींनी मिसरी सोडली आणि त्यांचे चट्टे पुढं फिके होत गेले. गव्हाच्या दाण्याएवढ्या चट्ट्यात कॅन्सर होता. अगदी सुरुवातीचा. डॉ. शेख यांनी पुढच्या मंगळवारी तो काढला, आणि त्याच्या भोवतालची निरोगी कड तपासून ती साफ निघाली. गाठ नाही, विजेचे शेक नाहीत, गालात फक्त टाक्यांची एक ओळ. तीन महिने थांबलो असतो तर काय झालं असतं हे मी त्यांना विचारलं. "नका विचारू," त्या म्हणाल्या, आणि मीही परत विचारलं नाही.

समितीला मी सगळं लिहून दिलं. दोरे, तीन दिवस, दोन शब्द. मला रीतसर समज मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. आणि त्याच बैठकीत नियम बदलला. आता आमच्या फॉर्ममध्ये एक ओळ आहे: काही वेगळं दिसलं तर तुम्हाला सांगू, आणि डॉक्टर तुमचं तोंड तपासतील. दर बुधवारी डॉ. शेख त्यासाठी बसतात. फॉर्म आता दीड पानाचा आहे, आणि तंबाखूच्या आधी मिसरीचा प्रश्न आहे.

त्या हंगामातलं शेवटचं जे आठवतं ते कौसाबाईंचं जेवण. महिनाभर त्यांना तिखट बंद होतं. मिरचीच्या नेटची मुकादमीण, आणि ताटात मुगाची पातळ खिचडी. त्या खिचडीकडं इतक्या रागानं बघायच्या की मला त्या खिचडीची दया यायची. एका दुपारी बाबूजी माझ्याबरोबर नेटवर आले, भगवानरावांना भेटायचं निमित्त करून. कौसाबाईंची चौकशी केली, त्यांचं कुरकुरणं ऐकलं, भगवानरावांशी पीकपाण्याचं बोलले. परत येताना गाडीत म्हणाले, "एक झाली." मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला रडू आलं होतं आणि या वेळी मिरचीचा हात लागला नव्हता. बाबूजी आता थकलेत, दुकानात बसत नाहीत. पण जेवताना तो प्रश्न त्यांनी परत कधी विचारला नाही.

माझ्या कामात समाधान हा शब्द आम्ही फारसा वापरत नाही. पेशी तुम्हाला धन्यवाद देत नाहीत, आणि प्रत्येक उत्तराच्या मागं दहा प्रश्न उभे असतात. पण त्या हंगामानंतर मला माझं काम आवडायला लागलं, आधी मी नुसती त्यात हुशार होते. मोठा चट्टा निर्धोक आणि लहान चट्टा घातक, हे टॉर्चला कळलं नसतं. आणि टॉर्च घेऊन कोणी वाकलं नसतं तर माझा आकडा यादीतच राहिला असता. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. ते लिहून घेतात. कळतं का ते माहीत नाही, मलाही पुस्तकातून कळलं नव्हतंच.

तर यंदा काच खाली करून मी राजूरच्या रस्त्यानं जात होते ते कौसाबाईंना एक कागद दाखवायला. आमचा शोधनिबंध अखेर छापून आला. नवीन नियमानं आम्ही भोकरदन तालुक्यातल्या बऱ्याच नेटमधून नमुने घेतले होते, पार पिंपळगाव रेणुकाईपर्यंत. चार वर्षांचं सगळं काम एका आलेखात मावलं होतं: एक आडवी रेघ, तिच्याखाली ठिपक्यांची गर्दी, आणि वर थोडेसे ठिपके, सुटे सुटे.

नेटमध्ये कौसाबाई ओळीच्या टोकाला बसल्या होत्या. मी कागद उलगडला.

"ह्याच्यात मी कुठं हाये?"

मी बोट ठेवलं. रेघेच्या वरचा, उजवीकडचा. त्यांनी तो ठिपका बारकाईनं पाहिला. मग त्यांचं बोट हळूहळू बाजूला सरकलं.

"अन् ह्या बाकीच्या वरच्या?"

"त्याही तुमच्यासारख्याच. दुसऱ्या नेटमधल्या."

"ह्यायला सांगितलं का?"

"सांगितलं," मी म्हणाले. माझ्या सगळ्या नोकरीत कोणत्याही प्रश्नाचं उत्तर मी इतक्या झटकन दिलेलं नाही.

"आल्या समद्या?"

"एक सोडून."

कौसाबाईंनी कागदावरून मान वर केली. "काहून?"

"काही दुखत नाही म्हणते. मी दोनदा जाऊन आले. डॉ. शेख एकदा गेल्या."

"बराबर हाये तिचं. मलाबी दुखत नव्हतं." त्यांनी कागद बाजूला सारला. "नाव सांगा."

"नाही सांगता येत, बाई."

"गाव?"

"तेही नाही."

आता मला बोलणी बसणार असं वाटलं. पण त्या कंबरेवर हात देऊन उठल्या, गालाला एक बोट लावलं आणि तोंड उघडून माझ्यासमोर धरलं. आत टाक्यांची रेघ, बारीक, पांढरी, भरून आलेली. "तुमी लोक नुसतं सांगता," तोंड मिटून त्या म्हणाल्या. "दाखवत न्हाई. नका सांगू तिचं नाव. मी समद्याच नेटात जाते."

आणि गेल्या. दुपारच्या भाकरीच्या सुटीत, भगवानरावांच्या पुतण्याच्या रिक्षात बसून, रोज दोन-तीन नेट. मला हे कळलं ते तक्रारींवरून. एका शेतकऱ्याचा फोन आला, "म्याडम, तुमची कोनी बाई हाये का? आमच्या बायकायला तोंड उघडून दाखवून राह्यली. काम थांबलं समदं." पिंपळगाव रेणुकाईहूनही असाच एक आला. मी दोघांची माफी मागितली आणि कौसाबाईंना काहीही बोलले नाही.

परवाच्या बुधवारी मी डॉ. शेख यांच्या दवाखान्यात पोचले तेव्हा बाहेरच्या बाकावर ती राहिलेली एक बसलेली होती. मी तिला ओळखलं. तिनं मात्र मान फिरवली, तीनदा नाही म्हटल्याची लाज असावी. तिच्या शेजारी आणखी चौघी होत्या, साडीवर पुरुषी शर्ट घातलेल्या, बोटं हिरवी झालेल्या. त्यांची नावं विचारून मी हातातली यादी वर-खाली पाहिली. त्या चौघींतली एकही आमच्या कुठल्याच यादीत नव्हती.